पन्नास-साठच्या दशकातला बंगला राहत्या घरात दुरुस्त करताना: आधी काय, नंतर काय

सपाट गच्ची, भिंतीबाहेर दोन-अडीच फूट आलेले बारीक छज्जे, कोपऱ्यावरून वळणारी स्टीलची खिडकी, जिन्याला सिमेंटची जाळी, दर्शनी भिंतीचा एक पट्टा काळ्या दगडाचा आणि आत मोझॅकची फरशी. पुण्यात प्रभात रोडच्या गल्ल्यांमध्ये, नागपूरला धरमपेठेत, कोल्हापूरला ताराबाई पार्कात असे बंगले अजून उभे आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यात दुसरी-तिसरी पिढी राहते आहे. हल्ली त्यांना 'मिड-सेंच्युरी मॉडर्न' म्हणतात. हा लेख ज्यांचं घर ठेवायचं हे ठरलेलं आहे त्यांच्यासाठी. पाडावं की ठेवावं, या वादात इथे शिरायचं नाही.

अशा घरांच्या दुरुस्तीत पैसा बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे वाया जातो. लोक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करतात: आधी फरशी, मग रंग, मग खिडक्या. दोन पावसाळ्यांत छत गळतं, पोपडे नव्या रंगासकट खाली येतात आणि नवी फरशी फोडून पाइप बदलावा लागतो. क्रम असा हवा: पाणी, काँक्रीट, पाइप आणि वायर, खिडक्या, लाकूड-दगड, फरशी, शेवटी रंग. वरून खाली आणि बाहेरून आत.

## टप्पा 1: एक पावसाळा नुसतं बघा

घाई असेल तरी हा टप्पा गाळू नका. दिवाळीनंतर काम सुरू करायचं असेल, तर त्याआधीच्या जून ते सप्टेंबरमध्ये एक वही घ्या. घराचा नकाशा हाताने काढला तरी चालेल. नगरपालिकेचा मंजूर नकाशा कपाटात असेल तर उत्तमच. कॉलम-बीम कुठे आहेत ते त्यावरून कळतं. जिथे ओल दिसेल तिथे भिंतीवर पेन्सिलीने डागाची कड आखा आणि बाजूला तारीख लिहा. आठवड्याने परत बघा.

ओल कुठून येते हे ओळखायला डागाची वागणूक पुरते:

- पाऊस थांबल्यावर काही तासांनी छताचा डाग गडद होतो: गच्ची.
- मे महिन्यातही भिंत ओली: पाइप किंवा वरची मोरी.
- जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंतच ओल, वर भिंत कोरडी, कडेला पांढरे क्षार: जोत्यातून चढणारी ओल.
- खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून खाली ओघळ: खिडकीची चौकट किंवा तिच्यावरचा छज्जा.

तपासा: ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून, हे कळत नसेल तर फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवसांनी थेंब प्लॅस्टिकच्या मागे असतील तर पाणी भिंतीत आहे. पुढच्या बाजूला असतील तर ते हवेतलं बाष्प आहे. तिथे वॉटरप्रूफिंगवाल्याचं काम नाही, खिडकी उघडायचं काम आहे.

याच काळात घरातल्या सगळ्यांनी बसून तीन याद्या करायच्या: ज्याला हात लावायचा नाही ते, दुरुस्त करायचं ते, आणि बदलायचं ते. याद्या लेखी हव्यात. काम सुरू झाल्यावर गवंडी विचारतो, "ही जाळी काढू का?" आणि त्या क्षणी घरात जो असेल तो उत्तर देतो. मिळकत पत्रिकेवर भावंडांची नावं एकत्र असतील, तर खर्च कोण किती करणार आणि हिशेब कोण ठेवणार हेही याच बैठकीत लिहून काढा. वाद व्हायचाच असेल तर तो गच्ची फोडण्याआधी झालेला बरा.

परवानगीचं थोडक्यात: प्लास्टर, रंग, फरशी, आहे त्याच जागी खिडकीची दुरुस्ती ही कामं सहसा किरकोळ दुरुस्तीत मोडतात. भिंत हलवणं, स्लॅबला भोक पाडणं, खोली वाढवणं यांना परवानगी लागते. घर वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत आधी विचारून घ्या.

### राहत राहत काम करायचं तर

घराचे दोन भाग करा आणि एका वेळी एकच भाग उघडा. दोन्ही भागांना मिळून एक संडास-बाथरूम आणि एक चालू स्वयंपाकघर कायम राहिलं पाहिजे. मधल्या दाराला जाड प्लॅस्टिक, आणि आजी-आजोबांची खोली सगळ्यात शेवटी. त्यांना कामाच्या मध्यात खोली बदलायला लावली की सगळ्या घराचं वेळापत्रक कोलमडतं. ठेकेदाराला 'अख्खं घर तीन महिन्यांत' असं काम देऊ नका. टप्प्याटप्प्याने द्या आणि पैसेही टप्प्याच्या शेवटच्या तपासणीनंतर.

## टप्पा 2: काँक्रीटची तपासणी, ठेकेदार ठरवण्याआधी

'फुकट इन्स्पेक्शन' करून देणारा ठेकेदार त्याच्याकडे जो माल आहे तोच रोग सांगतो. आधी फी देऊन स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या.

या घरांच्या स्लॅबबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. त्या काळातल्या सळ्या गुळगुळीत, साध्या पोलादाच्या असतात आणि त्यांच्याखालचं काँक्रीटचं कव्हर फार पातळ, बऱ्याचदा अर्धा इंच. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत सळईपर्यंत पोचला की काँक्रीटचा क्षारपणा जातो आणि सळई गंजायला मोकळी होते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असतं, त्यामुळे खालची खपली सुटते. म्हणजे पोपडा हा आजाराचा शेवट आहे, सुरुवात आधीच झालेली असते.

इंजिनिअर येण्याआधी घरच्यांनी करायचं काम एकच: लांब बांबूच्या टोकाला छोटी हातोडी बांधून छत, बीम आणि छज्जे ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा आणि त्याच्याखाली पलंग ठेवू नका.

इंजिनिअरकडून ज्या चाचण्या मागायच्या त्यांत कार्बोनेशन (काँक्रीटचा क्षारपणा किती आतवर गेला ते) आणि हाफ-सेल (सळईचा गंज विजेच्या दाबावरून ओळखणं) नक्की असू द्या. कार्बोनेशनची चाचणी सोपी आहे: नुकत्याच फोडलेल्या, धूळ झटकलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर तिथवर काँक्रीट निरोगी, रंग आलाच नाही तर तो थर संपलेला. गुलाबी कड सळईच्या किती वर आहे की खाली, हे मोजून लिहून घ्या. हाफ-सेलमध्ये कॉपर सल्फेट इलेक्ट्रोड वापरून उणे 350 मिलिव्होल्टच्या पलीकडचं वाचन आलं, तर तिथली सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून जास्त धरतात.

सावधान: फक्त रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यावर 'काँक्रीट मजबूत आहे' असा अहवाल मिळाला तर खूश होऊ नका. कार्बोनेशनने पृष्ठभाग कडक होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर हा आकडा मुळातल्या ताकदीपेक्षा जास्त येतो. सोबत अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी आरपार सोडून) किंवा कोअरची (काँक्रीटचा गोल नमुना कापून) चाचणी हवीच.

## टप्पा 3: गच्ची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश वाचा.

पहिली चूक: कोब्यावर कोबा. कोबा म्हणजे गच्चीवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उताराचा थर. गच्ची गळली की जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर नवा थर ओततात, दहा-पंधरा वर्षांनी आणखी एक. चार इंचांच्या कोब्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भरतं. वापरत्या गच्चीवर माणसं आणि सामान यांसाठी भारतीय मानकात जो भार धरतात, तो आहे 150 किलो. एका जादा थराने तुम्ही गच्चीवर कायमची गर्दी उभी करून ठेवली, तीही गंजलेल्या सळ्यांच्या डोक्यावर. म्हणून आधी जिन्याच्या कठड्याजवळ किंवा पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी एक भोक पाडून एकूण किती थर आहेत ते मोजा.

एकच थर असेल, ठोकल्यावर बहुतेक भाग घट्ट वाजत असेल आणि उतार बरोबर असेल, तर कोबा काढू नका. भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरने भरा, वाटे (गच्ची आणि कठडा मिळतात तिथला गोल सांधा) नव्याने करा आणि वरून जाळी घालून लवचीक कोटिंग द्या. जुना चायना मोझॅक (चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचा थर) असेल तर सुटलेले तुकडे काढून परत बसवणारा कारागीर अजून मिळतो, शोधा.

दोन-तीन थर असतील तर मात्र काढावेच लागतात. त्याचा क्रम:

1. खालच्या खोल्या रिकाम्या करा. इंजिनिअर सांगेल त्या अंतराने स्लॅबला लोखंडी प्रॉप लावा. टेकू न लावता वर हातोडा पडू देऊ नका.
2. थर छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकर मशीन नको. त्याच्या हादऱ्याने खालचं सैल कव्हर सुटतं. राडारोडा गच्चीवर ढीग करून ठेवायचा नाही, रोजच्या रोज खाली गेला पाहिजे.
3. उघडी स्लॅब झाडून, धुऊन भेगा भरा. वरच्या बाजूला सळई दिसली तर इथेच थांबा आणि टप्पा 4 प्रमाणे ती आधी दुरुस्त करा.
4. पाइपाची तोंडं बसवा. पावसाळी पाइप जुने बिडाचे असतील तर आत्ताच तपासा. तोंड कोब्याच्या वरच्या पातळीच्या खालीच बसलं पाहिजे. पाव इंच जरी वर राहिलं तरी त्याभोवती तळं साचतं.
5. विटांचे तुकडे पाण्यात भरपूर भिजवून, सिमेंटच्या घोळावर उभे लावून कोबा करा. उतार दर 10 फुटांना किमान सव्वा इंच. दोरी लावून मोजा, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.
6. कठड्याशी वाटा गोल करून वर फूटभर चढवा. कठड्याला आडवी खाच मारून त्यात वाट्याची वरची कड दाबून बसवली, तर पाणी मागून शिरत नाही.
7. पाणी बांधून किमान 10 दिवस क्युरिंग.

तपासा: क्युरिंगनंतर तोंडं बंद करून 48 तास पाणी साठवा. खाली प्रत्येक खोलीत छताचा फोटो आधी आणि नंतर, एकाच जागेवरून. मगच ठेकेदाराचा हप्ता द्या. त्यानंतर तोंडं उघडा आणि पाणी ओसरल्यावर कुठे डबकं राहतं ते खडूने आखा.

हे सगळं एप्रिलअखेर संपायला हवं. मे महिन्याच्या उन्हात केलेला कोबा क्युरिंग नीट न झाल्यामुळे केसासारख्या भेगांनी भरतो. जूनमध्ये केलेल्याबद्दल बोलायलाच नको.

पाण्याची टाकी आणि सोलर हे दोन पाहुणे नंतर आलेले असतात. हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. ती स्लॅबच्या मध्यावर ठेवलेली असेल तर कॉलमवर किंवा जाड भिंतीवर आय-बीम टाकून उचलून घ्या.

## टप्पा 4: छज्जे, बीम, छत

या घरांचं रूप छज्ज्याच्या बारीक कडेत आहे आणि सर्वांत मोठा धोकाही तिथेच. छज्जा भिंतीतून बाहेर तरंगतो, त्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. छताची मात्र खाली. गवंड्याला हे सांगावं लागतं. छज्ज्यावर पाणी साचून वरची सळई गंजते, पण भेग खालून दिसत नाही. म्हणून छज्ज्याची वरची बाजू शिडी लावून तपासा, विशेषतः भिंतीच्या सांध्यापाशी.

सावधान: एसीचं बाहेरचं युनिट छज्ज्यावर ठेवू नका, त्याची अँगल ब्रॅकेट छज्ज्याच्या कडेला ठोकू नका आणि टेकू न लावता छज्जा वरून फोडू नका.

आणखी एक बारीकशी गोष्ट. छज्ज्याच्या कडेच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची खाच असते. पाणी तिथे अडून थेंबाथेंबाने खाली पडावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते. दर रंगकामात थोडी लांबी (पुट्टी), थोडं प्लास्टर भरत ती बुजते आणि मग पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरकत भिंतीपर्यंत येतं. खिडकीवरची ओल बऱ्याचदा एवढ्यानेच थांबते: खाच उकरून मोकळी करायची. नवीन प्लास्टर करताना पाऊण इंचाची पट्टी घालून ती परत पाडायची.

काँक्रीटच्या दुरुस्तीचा क्रम:

1. टेकू. मग बद्द वाजणारं सगळं काँक्रीट काढा. सळईच्या मागे बोट जाईल इतकं मोकळं झालं पाहिजे. फक्त दिसणारा पोपडा काढून वर लिंपण केलं, तर गंज सळईच्या पाठीमागे चालूच राहतो.
2. गंज तारेच्या ब्रशने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढा. 'रस्ट रिमूव्हर लावला की झालं' हे ऐकून घेऊ नका.
3. सळईची जाडी कॅलिपरने मोजा. पाचवा भाग किंवा जास्त झिजली असेल तर नवी सळई जोडायची. किती लांब आणि कशी, ते इंजिनिअर ठरवेल.
4. त्याच दिवशी सळईला संरक्षक कोट द्या. रात्रभर उघडी सळई परत तांबूस होते.
5. जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये बाँड कोट, आणि तो ओलसर असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी अर्ध्या इंचाच्या आसपास. जाड थर एकदम मारला की स्वतःच्या वजनाने सुटतो. दोन इंचांच्या पुढचा खड्डा असेल तर पाटी (फळ्यांचा साचा) बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं, ओतता येणारं काँक्रीट) ओतावं.
6. आठवडाभर ओलं गोणपाट किंवा क्युरिंग कंपाउंड.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात समुद्राजवळचं घर असेल तर एक चाचणी वाढवा: क्लोराइड. खारी वाळू किंवा खारी हवा यांमुळे मीठ काँक्रीटमध्ये असेल, तर ठिगळाच्या कडेला लागून दोन-चार वर्षांत नवा गंज सुरू होतो. तिथे नुसतं ठिगळ पुरत नाही, इंजिनिअरने वेगळा उपाय द्यावा लागतो.

छताला पीओपीची खोटी सिलिंग लावून भेगा झाकण्याचा सल्ला हमखास मिळेल, शेजारच्या नव्या फ्लॅटमधल्या पाहुण्यांकडून तर नक्कीच. झाकलेली स्लॅब तपासता येत नाही. शिवाय या घरांच्या खोल्यांची उंची मरते ते वेगळंच.

## टप्पा 5: पाइप आणि वायर

प्लास्टर करण्याआधीचा हा शेवटचा क्षण आहे. फोडायचं ते आत्ताच.

जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप आतून गंजून पेन्सिलीएवढं भोक उरतं. नवे सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) टाकताना ते फरशीखालून नेऊ नका. बाथरूमच्या मागच्या बाहेरच्या भिंतीवरून न्या, म्हणजे पुढची गळती बाहेर दिसेल. सांडपाण्याचे खापरी पाइप झाडांच्या मुळांनी फुटलेले असतात. चेंबर उघडून एका टोकाला बादलीभर रंगीत पाणी ओता आणि दुसऱ्या टोकाला किती येतं ते बघा. वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड) बदलायचा असेल तर खालचा भराव पूर्ण काढा. भिजलेला भराव ठेवून वर नवी टाइल बसवली, तर खालचं छत पुढची कित्येक वर्षं ओलं राहतं.

वायरिंग मात्र सगळंच बदला, त्यात भावनेला जागा नाही. लाकडी पट्टीवरच्या रबरी वायरचं आवरण हात लावताच भुगा होतं आणि बहुतेक घरांत अर्थिंग नसतंच. किटकॅट फ्यूज काढून एमसीबी (भार जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, गिझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. साडेचार इंची भिंतीत आडवी खाच मारू देऊ नका, आणि बीम-कॉलममध्ये तर कुठल्याच दिशेने नाही.

जुने काळे बॅकेलाइटचे स्विच ठेवायचे असतील तर ते दिव्यांपुरते, आतलं स्प्रिंग तपासून. लाकडी पट्टीही ठेवता येते: नवी सागवानी पट्टी, त्यावर नवी वायर. भिंत फोडावी लागत नाही आणि घराला शोभतंही.

तपासा: प्लास्टर बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. पाच वर्षांनी खिळा ठोकताना हाच फोटो लागतो.

## टप्पा 6: स्टीलच्या खिडक्या

'काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग लावा' हा सल्ला घेण्याआधी एक हिशेब करा. दोन झडपांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. स्टीलची झडप पूर्ण बाहेर उघडते आणि वाऱ्याच्या दिशेला वळवता येते. अर्धी हवा गेली की एसी येतो. शिवाय जुन्या चौकटीची पट्टी बोटभर जाडीची असते. नवी चौकट तिच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे काच लहान होते आणि घराचा चेहराच बदलतो.

खिडकी बंद होत नाही याचं कारण बहुतेक वेळा वाकलेली चौकट नसते. वर्षानुवर्षं चढलेले रंगाचे थर बिजागरीत आणि मिटणाऱ्या कडांत भरलेले असतात. म्हणून:

1. प्रत्येक झडपेला आणि तिच्या चौकटीला एकच नंबर पंचने ठोका. झडपा एकमेकींत बदलल्या की एकही बसत नाही.
2. जुनी लांबी मऊ करून काच काढा. त्या काळातली काच किंचित लहरी असते, ती जपून ठेवा. फुटलेल्यांसाठी नवी आणा.
3. रंग काढा. सावधान: जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता मोठी आहे. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएमची मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, म्हणजे त्याआधीचा प्रत्येक थर संशयित. कोरडं घासू नका. पेंट रिमूव्हर लावून ओलं खरवडा, खपल्या पिशवीत भरा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत घराच्या दुसऱ्या भागात.
4. गंज खालच्या पट्टीत जास्त असतो. सडलेला तुकडा कापून तशाच सेक्शनचा तुकडा वेल्ड करून घासून घ्या. जुन्या खिडक्या विकणाऱ्या भंगार बाजारात तेच सेक्शन मिळतात.
5. खालच्या चौकटीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. रंगाने बुजलेली असतील. तारेने मोकळी करा.
6. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर, दुसऱ्या दिवशी आणखी एक हात.
7. काच बसवताना आधी खाचेत लांबीची गादी, मग काच, मग क्लिप, मग बाहेरून तिरकी लांबी. जवसाच्या तेलाची आणि खडूच्या भुकटीची लांबी उत्तम. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन लोखंडाला लावू नका. त्यातल्या आम्लाने गंज सुरू होतो.
8. लांबीला आठवडा-दोन आठवडे कातडी धरू द्या. मग इनॅमल, आणि रंगाची कड काचेवर दोन मिलिमीटर चढलेली हवी, म्हणजे फटीत पाणी जात नाही. 'स्वच्छ' दिसावं म्हणून ही कड ब्लेडने खरवडणारे रंगारी आहेत. त्यांना थांबवा.

पितळी हँडल आणि अडण्या रंगवू नका, चिंचेने घासा.

तपासा: कागदाची पट्टी फटीत धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी थोडी अडत निघाली तर खिडकी बसली. कुठे सहज सुटली तर तिथे बिजागरी हलकेच वळवावी लागेल.

## टप्पा 7: लाकूड, दगड, जाळी

सागवानी दारं आणि भिंतीतली कपाटं यांच्यावर कुठलं पॉलिश आहे ते आधी बघा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून आतल्या कोपऱ्यात घासा. पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते चपडीचं (लाखेचं) आहे; त्यावर परत चपडीचंच पॉलिश चढतं, सगळं घासून काढायची गरज नाही.

काळ्या दगडाच्या भिंतीला चकचकीत क्लिअर कोट लावू नका. आतली ओल अडकते आणि दोन वर्षांत कोटिंग पांढुरकं पडून सुटतं. सुटलेल्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरा, ब्रश आणि पाण्याने धुवा, एवढंच. जाळीला मागून काच लावायचा मोह डास आणि धुळीमुळे होतो. आतून काढता येणारी मच्छरजाळीची चौकट लावा.

आणि अडगळीतलं फर्निचर काम सुरू व्हायच्या आधी बघून घ्या, भंगारवाल्याला बोलावल्यानंतर नव्हे. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुविशारद पिएर जाँनरेने आखलेल्या वेताच्या खुर्च्या भंगाराच्या भावात गेल्या आणि पुढे परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. तुमची खुर्ची तितकी मोलाची नसेलही, पण सागवान आजच्या भावात परत येत नाही.

## टप्पा 8: मोझॅकची फरशी

मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवणं ही या घरांवरची सगळ्यात महाग आणि सगळ्यात अनावश्यक चूक. दारं खालून कापावी लागतात, जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांशी जुळत नाही आणि म्हातारी माणसं तिथेच अडखळतात. मोझॅकचा वरचा चिप्सचा थर पाव इंचाच्या आसपास असतो. तो घासून नवा करता येतो, आयुष्यात अनेकदा.

1. प्रत्येक फरशी नाण्याने ठोका. पोकळ वाजणाऱ्या उचलून खालचा थर नवा करून परत बसवा. उचललेल्या फरशीच्या मागे खोलीचं नाव लिहा.
2. फुटलेल्यांसाठी जादा फरश्या लागणारच. कपाटाखालच्या, माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या काढून दिवाणखान्यात लावा. नव्या बनवलेल्या कपाटाखाली.
3. नव्या बनवायच्या तर आधी नमुने: पांढरा सिमेंट, रंग आणि चिप्सचं प्रमाण बदलून तीन-चार छोटे ठोकळे पाडून घ्या. चिप्स अजून मिळतात: बडोदा हिरवा, जैसलमेर पिवळा, भैंसलाना काळा. रंग जुळतो का ते ठोकळा घासून आणि पूर्ण वाळल्यावर ठरवा. ओला ठोकळा नेहमीच गडद दिसतो.
4. मशीनने पहिला कट, पाणी सोडत. भोकं आणि सांधे जुळत्या रंगाच्या सिमेंटने भरा आणि चार-पाच दिवस ओलं ठेवा. हे गाळून पुढे जाणारा पॉलिशवाला त्या भोकांत घासाईचा काळा गाळ भरतो, आणि तो कधीच निघत नाही.
5. मग 80, 120, 220, 400 अशा चढत्या नंबरच्या दगडांनी. एक नंबर गाळला तर त्याच्या आधीच्या दगडाचे ओरखडे चमक आल्यावर दिसू लागतात. शेवटी ऑक्झॅलिक पावडरचा हात आणि भरपूर धुणं.

सावधान: फरशी 'साफ' करायला ॲसिड वापरू नका, बाथरूममधलंही नाही. संगमरवराच्या चिप्स आणि सिमेंट दोन्ही ॲसिडमध्ये विरघळतात. चकाकी एकदा गेली की पुन्हा मशीन आणावं लागतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर सांडलं तरी लगेच पुसा.

तपासा: खोलीतले दिवे बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. ओरखडे आणि कडेला मशीन न पोचलेला बोटभर पट्टा लगेच दिसतो. पॉलिशवाल्याला तेव्हाच दाखवा. त्याचं मशीन घरात असेपर्यंतच कडा हाताने घासून मिळतात.

## टप्पा 9: रंग आणि पुढचं वेळापत्रक

नव्या प्लास्टरला महिनाभर वाळू द्या. बाहेरून भिंत श्वास घेईल असाच रंग निवडा. ओल असलेल्या भिंतीवर रबरी कोटिंग चढवलं तर ते फुग्यासारखं येतं. मूळ छटा हवी असेल तर खिडकीच्या कोपऱ्यात किंवा स्विचच्या पेटीमागे ब्लेडने थर एकेक खरवडा, सगळ्यात खालचा सापडतो.

पुढे दर वर्षी एवढं करा. मेच्या शेवटी गच्ची झाडून पाइपाची तोंडं मोकळी करा आणि कठड्याच्या फटीत पिंपळाचं रोप आलं असेल तर ते दोन पानांचं असतानाच मुळासकट काढा. जूनच्या पहिल्या पावसात छज्ज्याखाली उभं राहून पाणी कुठे टपकतं ते बघा. दिवाळीच्या साफसफाईत बांबूची हातोडी छतावर फिरवा आणि खडूचे नवे गोल वहीत लिहा. खिडक्यांना दर चार-पाच वर्षांनी एक हात इनॅमल. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. विजेचं बिल ज्या दिवशी भरता, त्याच दिवशी.

वही आणि मंजूर नकाशाची प्रत विजेच्या मीटरशेजारच्या कपाटात ठेवा, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. पुढचा प्लंबर आला की त्याला आधी ती दाखवा.